ओल्या खोडाचा आवाज

१२ फेब्रुवारी, गुरुवार. वारा पश्चिमेचा, दुपारनंतर जोरात. शेळ्यांचं दूध पावणेदोन लिटर. सुनेने उशांचे अभ्रे धुतले. एक उडून शेजारच्या परसात गेला, परत आणला. ठोक्याच्या बायकोने निरोप आणला, त्याला एक गोष्ट समोर बसून सांगायची आहे. गेले नाही. सूर्य मावळताना पश्चिमेकडून झाडांचा आवाज, मग तीन टोले. चमचे अकरा.

एवढं लिहून वहिनींनी वही मिटली.

अकरा चमच्यांची घरात थट्टा व्हायची. संच बाराचा होता. नऊ वर्षांपूर्वी त्यातला एक गेला तो गेलाच. वहिनी चमचे काही रोज मोजत नसत. मन थाऱ्यावर नसलं की मोजत. सुनेच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं. आतून चमच्यांची खणखण ऐकू आली की ती नवऱ्याला म्हणायची, "आज आईंच्या वाटेला जाऊ नका."

वहिनी लहानपणी नन्सच्या शाळेत शिकल्या होत्या. तिथल्या एका सिस्टरने त्यांना रोजनिशीची सवय लावली आणि एक नियम घालून दिला : जे घडलं ते लिही, वाटलं ते लिहू नकोस, वाटलेलं उद्या बदलतं. साठ वर्षं त्यांनी तो नियम पाळला. म्हणून वहीत "तीन टोले" एवढंच असायचं, कोणाचे ते नसायचं. कारण ते टोले ज्या झाडांच्या खोडांवर पडत होते, ती झाडं त्याच वह्यांच्या हिशेबाने नऊ वर्षांपूर्वी तोडलेली होती.

ती तोडली होती ठोक्याने. निदान त्याने तसं सांगितलं होतं.

ठोक्या हा झाडांची छाटणी करणारा. अंगाने काटकुळा, उंचीने इतका कमी की शिडी खांद्यावर घेतली की शिडीच चालत येतेय असं वाटायचं. पण खोडाला पाय लागले की बघता बघता शेंड्याला. चढण्याआधी तो कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने खोडावर तीन टोले द्यायचा आणि कान लावायचा. खोड आतून भरीव असलं तर आवाज खणखणीत. किडलेलं, पोकळ असलं तर बसका. ही विद्या त्याला बापाने दिली होती. पुढे हाताला इतकी सवय झाली की तो दिसेल ते ठोकायचा. भोपळे ठोकायचा, रांजण ठोकायचा, लोकांच्या भिंती ठोकून "उंदीर आहेत आत" म्हणून सांगायचा. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आलेलं कपाट माडीवर चढवायला हाच होता. त्याने बोटाच्या पेराने कपाटाला तीनदा ठोकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वरून सागवान, आतून भुसा. वहिनी, माहेरच्यांनी फसवलं तुम्हाला." वहिनींनी आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. कपाट अजून आहे. आणि आतून भुसाच आहे.

वहिनींच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणत. दादांचं शेत घरामागच्या टेकाडापलीकडे, उताराला. उन्हाळ्यात पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की वरची माती उचलून न्यायचा, उभं पीक आडवं करायचा आणि विहिरीचं पाणी डोळ्यांदेखत खाली जायचं. दादांनी आणि ठोक्याने मिळून पश्चिमेच्या बांधावर सुरूची एकशे वीस झाडं लावली आणि त्यांच्या आतल्या बाजूने चाऱ्यासाठी शेवरीची एक ओळ. लोक पोट धरून हसले. "सगळे धान्य पेरतात, हा सावली पेरतोय. घ्या मग, सावली दळा आणि सावली खा!" पहिले दोन उन्हाळे वहिनींनी स्वतः डोक्यावर हंडे वाहून त्या रोपांना पाणी घातलं. त्यांच्या मानेचं दुखणं तेव्हाचं. चौथ्या वर्षी वारा अडला आणि हसणाऱ्यांची तोंडंही मिटली. ठोक्याचा दंडक होता, एका वर्षी दर तिसऱ्या झाडालाच हात लावायचा, मधल्या दोघांना सोडायचं. "तिघं भाऊ एकदम आजारी पडले तर घर कोण चालवणार?" असं तो म्हणायचा.

नऊ वर्षांपूर्वी, अवकाळी पावसाच्या दुसऱ्या दिवशी, एका झाडाची मोडलेली फांदी वाटेवर लोंबकळत होती. दादा ती काढायला चढले. फांदी निघालीच नाही. पायाखालचं खोडच मोडलं, आणि दादा त्याच्यासकट खाली आले. घरी आणेपर्यंत संपलं होतं.

तेराव्या दिवशी वहिनींनी ठोक्याला बोलावलं आणि उंबऱ्यातच उभं केलं. "सगळी पाड," त्या म्हणाल्या. "एकही उभं ठेवू नकोस. पश्चिमेला मला काही दिसता कामा नये."

तो खाली मान घालून गेला. आठ दिवस टेकाडापलीकडून कुऱ्हाडीचा आवाज येत राहिला, सकाळी उन्हं आल्यापासून संध्याकाळपर्यंत. नवव्या दिवशी तो दारात आला. हाताला फोड होते. "झालं, वहिनी," म्हणाला. वहिनींनी वहीत लिहिलं, "पश्चिमेची झाडं गेली." त्याच दुपारी त्यांनी माडीवरच्या खोलीतली पश्चिमेची खिडकी लावून घेतली आणि तिच्यासमोर ते कपाट सरकवून घेतलं. सरकवायला ठोक्याच होता. त्या दिवशी मात्र त्याने कपाट ठोकलं नाही.

त्यानंतर वहिनी टेकाडावर गेल्या नाहीत.

पण आवाज येऊ लागला. सुरूच्या झाडांचा आवाज इतर झाडांसारखा सळसळीचा नसतो. दुसऱ्या खोलीत कोणीतरी लांब श्वास सोडावा, तसा तो असतो. पहिल्या वर्षी वहिनींना वाटलं, कानाचा भास. दुसऱ्या वर्षी संध्याकाळचे टोलेही येऊ लागले. तीन. थोडं थांबून पुन्हा तीन, जरा लांबून. ठोक्याच्या मागोमाग झाडं ठोकत हिंडायची खोड दादांनाही होती. ठोक्याचं बघून दादा ठोकायचे आणि दरवेळी "भरीव आहे" म्हणायचे. त्यांना दुसरा आवाज कळायचाच नाही. वहिनी माडीवरच्या खोलीत कपाटाला पाठ टेकून बसत आणि ऐकत. तोडलेली झाडं जर श्वास घेऊ शकतात, तर गेलेल्या माणसाने तरी का घेऊ नये? घाबरायचं कारण नव्हतं. घरचंच माणूस होतं. संध्याकाळी अर्धा तास ते टेकाडापलीकडे येऊन जायचं, इतकंच. आयुष्यभर शेतावरून उशिरा येणाऱ्या माणसाकडून त्यांनी यापेक्षा जास्त अपेक्षा कधी केली नव्हती.

घात केला तो त्यांच्या वह्यांनीच.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत असा वारा सुटला की चार दिवस माणसांनी दारं उघडली नाहीत. वहिनींनी वहीत लिहिलं, "शेजाऱ्याचा गहू आडवा. पलीकडच्याचाही. आपला उभा." लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. मग त्या मागच्या वह्या काढून बसल्या. सात वर्षं दर उन्हाळ्यात, चारा मिळत नाही म्हणून सगळ्या गावाची जनावरं आटत होती, आणि आपल्या शेळ्यांचं दूध पाऊण लिटरच्या खाली गेलेलं नव्हतं. विहिरीच्या आतल्या पायऱ्या दर मेमध्ये त्या मुलाला विचारून लिहीत. पाणी अकराव्या पायरीच्या खाली कधी उतरलं नव्हतं. "जळण सुरूचं, राख कमी," हे तर दर आठवड्याला. आणि सातव्या वर्षी एका जागी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : "आजची लाकडं ओली, चूल धुरावली, सुनेचे डोळे लाल." सात वर्षांपूर्वी तोडलेलं लाकूड ओलं?

दुसऱ्या दिवशी मुलाची विजार धुवायला टाकताना दुमडीतून सुरूचं एक बोंड निघालं. बोराएवढं, खडबडीत. हिरवं.

वहिनींनी ते पदराच्या टोकाला बांधलं आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. बोलायचं काय? अख्खं घर एका खोट्याला टेकू देऊन उभं होतं. मुलगा, सून, दूधवाला, सगळे. आणि त्या तोंडातून एक शब्द काढतील, तर टेकाडापलीकडे दादा नसणार होते. नुसती झाडं असणार होती आणि त्यांच्यातून फिरणारा एक म्हातारा छाटणीवाला. मनात कळणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. कळलेलं त्यांनी दोन वर्षं पदराच्या गाठीत ठेवलं. संध्याकाळी कपाटाला पाठ लावून बसणं सोडलं नाही.

आणि आता ठोक्या अंथरुणाला खिळला होता, आणि त्याला समोर बसून एक गोष्ट सांगायची होती.

शुक्रवारी पुन्हा निरोप आला. वहिनी म्हणाल्या, गुडघा दुखतोय. शनिवारी मुलगा म्हणाला, "आई, जाऊन ये ना. त्याचं काही खरं नाही आता."

"तू गेला होतास?"

"गेलो होतो."

"काय म्हणाला?"

मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने परातीकडे. "काही नाही. तुझीच चौकशी करत होता."

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं," वहिनी म्हणाल्या आणि चमचे मोजायला गेल्या.

रविवारी सकाळी सुनेने न विचारता त्यांच्या चपला दाराशी काढून ठेवल्या आणि काठी वर आडवी ठेवली. "आई, माणूस गेल्यावर तुम्ही मला म्हणाल, मला ढकललं का नाहीस. आत्ताच ढकलते."

ठोक्याचं घर एका खोलीचं. दाराशी खाट, भिंतीला खिळ्यांवर करवती, कुऱ्हाड कोपऱ्यात, दांड्याला तेल लावून पुसलेली. बायको खाली बसून डाळ निवडत होती. तो उशाला टेकून बसला होता. आधीच काटकुळा, आता चादरीखाली आहे की नाही ते कळू नये इतका.

"आलात?" तो म्हणाला. "मला वाटलं, सगळ्यांसारख्या मी मेल्यावर याल."

"मेल्यावर तुझी बडबड थांबेल असं कोणी सांगितलं?"

"जिवंतपणी डॉक्टरला नाही सोडलं, वहिनी," बायको म्हणाली. "त्याने यांच्या छातीला नळी लावली, तर यांनी त्याच्या छातीवर टकटक केलं. म्हणे, डॉक्टर, तुमचाही आवाज बसका येतोय, सिगरेट सोडा."

"सोडली का त्याने?"

"बाहेर जाऊन एक ओढून आला घाबरून," ठोक्या म्हणाला आणि हसता हसता खोकला. खोकला थांबेना. बायको पाणी आणायला उठली, त्याने हाताने तिला चहा टाकायला पाठवलं. खोकला थांबला तेव्हा तो वहिनींकडे बघत होता.

"वहिनी, एक सांगायचं आहे."

"औषध वेळेवर घेतोस का?"

"घेतो. वहिनी..."

"बायकोला खिडकी बंद कर म्हणावं, वारा लागतो तुला."

"वहिनी, मी नऊ वर्षं..."

वहिनींनी काठी खाटेला टेकवून ठेवली. त्याने म्हणण्याआधी आपणच म्हणून टाकावं. परक्याच्या हातून दात पडण्यापेक्षा आपणच उपटावा. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि आता तपकिरी झालेलं ते बोंड खाटेवर ठेवलं. "झाडं उभी आहेत. मला माहीत आहे. झालं? सांगून संपलं?"

ठोक्याने बोंड उचललं, बोटांत फिरवलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"बोलला नाहीत."

"तू कुठे बोललास? आठ दिवस काय तोडत होतास मग?"

"एकच झाड, दादा पडले ते. त्याचेच तुकडे. आणखी बारीक, आणखी बारीक. शेवटी शेवटी तर कुऱ्हाड नुसती दगडावर मारत होतो, तुम्हाला ऐकू जावं म्हणून. दादांनी पोरांसारखी वाढवलेली, वहिनी. माझा हात चालला नाही." त्याने बोंड परत ठेवलं. "पण मला ते सांगायचं नव्हतं. ते तर तुमच्या शेळ्यांनाही माहीत आहे."

ज्या गोष्टीला वहिनी दोन वर्षं भीत होत्या, ती अशी दोन वाक्यांत होऊन गेली होती, आणि तो अजून त्यांच्याकडे तसाच बघत होता.

"त्या दिवशी माझ्या पायात काटा मोडलेला," ठोक्या म्हणाला. "पाय सुजलेला. दादा म्हणाले, मीच चढतो, तू नुसतं ठोकून सांग. मी ठोकलं. आवाज खणखणीत आला. मी म्हटलं, भरीव आहे, चढा." तो थांबला. "खोड ओलं होतं, वहिनी. आदल्या दिवशीचा पाऊस. ओलं खोड खोटं बोलतं. पोकळ असलं तरी भरल्यासारखं वाजतं. ओल्यावर ठोकायचं नाही, दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं, हे मला बापाने सगळ्यांत आधी शिकवलेलं. मला माहीत होतं. तरी ठोकलं आणि म्हटलं, चढा. तुम्ही झाडांना दोष दिलात. मी देऊ दिला."

बाहेर चहाचं भांडं उतरवल्याचा आवाज झाला. ठोक्याची बायको दाराच्या पडद्याआडच थांबली असावी, कारण ती आली नाही.

वहिनींनी कोपऱ्यातल्या त्या कुऱ्हाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या त्या दिवशीच्या वहीत काय लिहिलंय, माहीत आहे? पाऊस उघडला. दूध सव्वा लिटर. मग हे गेले ती वेळ. सगळं लिहिलंय. एक लिहिलेलं नाही. सकाळी हे म्हणत होते, फांदी राहू दे, परवा बघू. मी म्हटलं, कोणाच्या तरी डोक्यात पडेल, आजच काढा. दोनदा म्हटलं."

ठोक्याने खाटेच्या लाकडी फळीवर बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं, ऐकलं आणि म्हणाला, "पोकळ."

"खाट ना?"

"खाटच." तो किंचित हसला. "पुढच्या वर्षीपासून रोज संध्याकाळी जायचो. एकेक झाड ठोकायचो. पुन्हा चूक नको. त्या रिकाम्या जागेपासून उजवीकडे सातवं आतून गेलंय, वहिनी. पावसाच्या आधी उतरवायला सांगा मुलाला, वाऱ्याने पडलं तर शेजारची दोन घेऊन पडेल. जागा मोकळी ठेवू नका, लगेच रोप लावा. भिंतीला एक भोक पडलं की वारा तिथूनच घर करतो."

"सांगते." वहिनी उठल्या. दारात थांबल्या. "शेवटचा कधी गेला होतास?"

"थंडी पडायच्या आधी. नोव्हेंबरचा पहिला आठवडा असेल. त्यानंतर हा उंबराही ओलांडला नाही."

गुरुवारचे तीन टोले वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. जानेवारीतलेही. चहा आला, तो उभ्यानेच प्यायल्या, आणि जाताना ठोक्याच्या कपाळावर हात ठेवला. एरवी त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मुलाला सांगितलं, "रिकाम्या जागेपासून उजवीकडचं सातवं झाड पावसाआधी उतरव. आणि त्या जागी रोप लाव."

मुलाच्या हातातला पेला तसाच राहिला. "आई, तुला..."

"मी म्हणत नव्हते?" सून म्हणाली. "आईंना सगळं माहीत असतं. चमचा सोडून."

उन्हं उतरल्यावर तिघांनी मिळून माडीवरचं कपाट सरकवलं. खिडकीची कडी गंजली होती, मुलाने ती हातोडीने काढली. दारं उघडली तसा वारा आत आला आणि नऊ वर्षांची धूळ खोलीभर उठली. ती बसल्यावर टेकाडावरून, उताराच्या कडेला, झाडं दिसली. वहिनींच्या आठवणीपेक्षा दीडपट उंच. सगळी एकाच दिशेला जराशी झुकलेली, ओझं घेऊन चालणाऱ्या बायकांसारखी. त्यांच्या अलीकडे गहू हलतही नव्हता. पलीकडे मातीचे लोट उठत होते.

वहिनी बोटाने मोजू लागल्या. मुलगा आणि सून खाली गेले. सत्तरीच्या घरात पोचल्यावर रांगेत ती रिकामी जागा आली, दात पडल्यासारखी. तिथे त्यांचं बोट थांबलं.

तीन टोले आले.

शेतात कोणी नव्हतं. दिवस अजून पुरता मावळलेला नव्हता, बांधावर साधं कुत्रंही त्यांना दिसलं असतं. आवाज त्या रिकाम्या जागेकडून आला, असं त्यांनी शपथेवर सांगितलं नसतं. पण दुसरीकडून आला, असंही सांगता आलं नसतं. झाडांनी लांब श्वास सोडला. वहिनी वाट बघत उभ्या राहिल्या. मग "भरीव आहे हो," असं हळूच म्हणाल्या आणि पुढची झाडं मोजायला लागल्या. एकशे एकोणीस.

दिवा लागल्यावर त्यांनी नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. ते पान शोधलं. समासात, आताच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं : "फांदी आजच काढा, असं मी म्हटलं होतं. दोनदा." ती वही जागेवर ठेवून आजची उघडली.

१५ फेब्रुवारी, रविवार. वारा पश्चिमेचा. ठोक्याला भेटून आले. सुरूची झाडं एकशे एकोणीस, सातव्याला कीड. माडीवरचं कपाट पूर्वेच्या भिंतीला लावलं. त्याच्या मागे चमचा सापडला. चमचे बारा.